नरम म्हणते डॉक्टर

आमच्या बाबांनी उभ्या जन्मात माझ्याशी गोड बोलून कधी जीभ विटाळली नाही. मी वर्गात पहिली आले, तर म्हणाले, "काऊन, बाकीच्या पोरी बिमार होत्या का?" मला शाळेत नोकरी लागली, तर म्हणाले, "हे भैताड पोराईले काय शिकवन, देव जाने." लग्न ठरलं तेव्हा नवऱ्या मुलाला एका बाजूला घेऊन त्यांनी विचारलं, कानानं नीट ऐकू येतं ना? येत असेल तर पुन्हा एकदा विचार करा. माझा नवरा हा किस्सा अजून पाहुण्यांना सांगतो. पाहुणे हसतात. मीही हसते, दात दाखवायला काय जातं!

परक्यांशी मात्र बाबांसारखा माणूस नाही. दारात अनोळखी कोणी उभा राहिला की यांच्या जिभेवर साखर. "आइए, आइए, तशरीफ रखिए. फरमाइए." कापसाचा व्यापारी असो की रस्ता चुकलेला लॉरीवाला, त्याला खुर्ची, पाणी, चहा, आणि निघताना फाटकापर्यंत पोचवणं. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं’ ही म्हण ज्यानं केली तो आमच्या घरी कधी आला नसावा. आमच्याकडे दुसऱ्याचा तो बाब्या, आणि आपलं ते कार्टं, तेही कानाखाली देण्याच्या लायकीचं.

बाबा तहसील कचेरीत पेशकार होते. म्हणजे साहेबापुढे मिसली, फायली ठेवायच्या, आणि त्या साहेबाला समजल्या असं साहेबाला वाटू द्यायचं. निजामाच्या काळात शाळा उर्दूतून झाली. मग आंध्र प्रदेश झालं, कचेरीचा कागद तेलुगू झाला, तेव्हा तिशी उलटलेल्या या माणसानं पोरांची पाटी घेऊन तेलुगू गिरवलं आणि खात्याची परीक्षा पास केली. आम्ही आदिलाबादचे, पण घरची बोली विदर्भाच्या सीमेजवळच्या बेल्याकडची, वऱ्हाडीच. त्यांची वाटणी पक्की होती: तेलुगू साहेबासाठी, हिंदी-उर्दू परक्यासाठी आणि मराठी घरच्यांना झापण्यासाठी. मी शाळेत मराठी शिकवते, अगदी शुद्ध. पण मराठी कशासाठी असते ते मला बाबांनीच शिकवलं.

बाबांना बीपी होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि त्याचं कुणालाही काही वाटत नव्हतं. गोळ्या होत्या. त्या देवघराच्या कोनाड्यात, देवाच्या शेजारी ठेवलेल्या असत, आणि बाबा दोघांनाही सारखाच मान देत, म्हणजे अडचण आली तरच आठवण. "रोज गोळी घ्याले मी का रोज बिमार असतो?" हा त्यांचा कायद्याचा मुद्दा. डोकं दुखलं तर अर्धी गोळी. जेवणात ठेचा आणि वरून मीठ. पेशकाराशी वाद कोण घालणार?

पहिल्यांदा काही चुकलं ते सायकलीवरून. रिटायर होऊन सात-आठ वर्षं झाली होती. एका दुपारी बाबा बाजारातून सायकल हातात धरून चालत आले, घामानं निथळत. मी विचारलं, हवा गेली का? नाही. चेन पडली का? नाही.

"मग चालत काऊन आले?"

"सायकलले बी आराम लागते."

आम्ही हसलो. त्या दिवसापासून सायकलला रोजच आराम मिळाला. बाबा तिला बाजारात फिरवून आणत, गाईला पाण्यावर नेतात तसं. महिन्याभरानं मी त्यांना मागच्या अंगणात पाहिलं. एक पाय पायडलवर, दोन्ही हात हँडलवर, आणि दुसरा पाय जमिनीवर. तसेच उभे होते. पुढे काय करायचं असतं ते आठवत नव्हतं. मला पाहिल्यावर त्यांनी घंटी वाजवली आणि म्हणाले, "घंटी पाहून राह्यलो, वाजते का नाई." मी म्हटलं, "बाबा, नाटकं बंद करा." हे मी म्हटलं होतं, दुसऱ्या कोणी नाही.

मग बेल्याला नात्यातल्या लग्नाला निघाले ते गुडीहत्नूरला जाऊन पोचले. बेला एकीकडे, गुडीहत्नूर दुसरीकडे. तिथून कोण्या ट्रॅक्टरवर बसून रात्रीच्या जेवणाला घरी हजर. आईनं विचारलं, लग्न कसं झालं? तर म्हणाले, गुडीहत्नूरला जरा काम होतं. तिथं बाबांचं काय काम असणार ते गुडीहत्नूरलाही ठाऊक नव्हतं. बसच्या पाटीवर गावाचं नाव तेलुगूत लिहिलेलं असतं. पंचवीस वर्षं तेलुगू हुकूम वाचणाऱ्या माणसाला ती पाटी का वाचता आली नाही, हा प्रश्न घरात एकालाही पडला नाही. आम्ही सगळे उत्तरं घेऊन तयार होतो. आई म्हणाली, साठी बुद्धी नाठी. हैदराबादला नोकरी करणारा माझा धाकटा भाऊ एसटीडीवरून म्हणाला, त्यांना करमत नसेल, पेपर लावा. मी तर बीएड. मी म्हणाले, लक्ष वेधून घेण्याचे प्रकार आहेत.

त्यानंतर एका सकाळी चहा त्यांच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून खाली गळायला लागला. तोंड वाकडं झालं होतं. आईनं लसणाचं तेल चोळलं, दुपारपर्यंत तोंड सरळ झालं, तेलाचा जयजयकार झाला. पण पाय जरा ओढत चालायला लागले, आणि टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी ढसाढसा रडायला लागले. आई घाबरली. दुसऱ्या दिवशी ती त्यांना बसस्टँडजवळच्या दवाखान्यात घेऊन गेली. मी गेले नाही. माझ्या शाळेत तिमाही परीक्षा होती, आणि माझ्यावाचून मुलांना नक्कल करू न देणारं आदिलाबादेत दुसरं कोण होतं?

डॉक्टर समुद्राकडचा, कृष्णा-गोदावरीकडून आलेला. माणूस चांगला, पण हिंदी ‘दर्द किधर है’ एवढीच. आईला तेलुगू येत नाही. पण त्याची काळजी कशाला? आमच्या घराचा दुभाषी सोबतच होता ना! शाळेचा दाखला असो की रेशनचं कार्ड, तेलुगू साहेबाचं बोलणं आम्हाला जन्मभर बाबांनीच मराठीत करून सांगितलं. त्या दिवशीही तेच सांगणार होते. फरक एवढाच की या वेळी रोगीही तेच होते.

डॉक्टर बराच वेळ बोलला. कपाळाकडे बोट दाखवत काहीतरी म्हणाला. आईच्या कानावर दोनच शब्द नीट पडले, नरम आणि गट्टी. बाबा खुर्चीत ताठ बसून साहेबापुढे डोलवत तशी मान डोलवत होते. आईनं विचारलं, "काय म्हंते वो?"

बाबांनी थोडा विचार केला, आणि पंचवीस वर्षांच्या नोकरीच्या भारदस्त आवाजात निकाल दिला. "नरम म्हंते."

"काय नरम?"

"समदंच. नरम पाह्यजे. गट्टी नाई चालत."

झालं. ध चा मा होण्यासाठी एवढं पुरेसं असतं.

आई घरी आली ती कायदा घेऊनच. गट्टी म्हणजे घट्ट, कडक. कडक बंद. ज्वारीची भाकर बंद, मऊ भात सुरू. भातावर तूप, कारण तुपाशिवाय नरमपणा येतो का कुठे? सकाळी शिरा. दुपारी पुन्हा तूप. बैलगाडीच्या चाकाला वंगण नाही घातलं तर चाक कुरकुरतं, तसं डोक्याचं आहे, असं आईनं शेजारणींना समजावलं आणि शेजारणींनी आपापल्या घरून लोणी आणून दिलं. गादीवर गादी आली. मी मराठीची बाई असून मला एकदाही वाटलं नाही की विचारावं, तेलुगू डॉक्टर ‘नरम’ कसं म्हणेल? शब्द आपला वाटला की माणूस त्याची चौकशी करत नाही.

आणि खाण्यापुरतं थांबलं असतं तरी ठीक. नरम म्हणजे समदंच नरम. बोलणंही. भावानं फोनवरून त्याला मंजुरी दिली. "बरोबर आहे ताई. त्यांना टेन्शन द्यायचं नाही. आवाज चढवायचा नाही." आणि मग म्हणाला, "मुख्य म्हणजे तू."

मी म्हणजे बाबांचीच जीभ. माझं सासर गावातच, चार गल्ल्या पलीकडे. शाळा सुटली की रोज संध्याकाळी मी बाबांकडे जायची, आणि आमच्या दोघांचं जे काही चालायचं ते ऐकून रस्त्यावरची माणसं हळू चालायची. ते सगळं बंद झालं. मी आत येताना चपला हातानं उचलून ठेवायला लागले. "बाबा, जेवलात का?" "बाबा, थोडी गोळी घेता का?" शाळा तपासायला साहेब आल्यावर काढायचा तो आवाज मी घरात काढायला लागले. आई कुजबुजायची, मी कुजबुजायची. घरात मयत झाल्यासारखी शांतता, आणि ज्याच्यासाठी ही शांतता तो मधे बसून तूपभात खात होता.

पहिले काही दिवस बाबा माझ्याकडे नुसते बघत राहायचे. मग एक दिवस मी दारात आले आणि ते खुर्चीवरून उठले.

"आइए. तशरीफ रखिए."

मला वाटलं, थट्टा करून राह्यले. म्हटलं, चला, माणूस ताळ्यावर येतोय. मी हसत बसले. त्यांनी स्वतःच्या हातानं मला पाणी आणून दिलं. बाबांनी! मला! पाणी! पेला माझ्या हातात देऊन ते समोर बसले आणि अतिशय अदबीनं म्हणाले, "फरमाइए. कहाँ से आना हुआ?"

त्यांच्या डोळ्यांत थट्टा नव्हती.

आईचं वेगळंच. तिला त्यांनी जेवताना म्हटलं, "सब्जी बहुत उम्दा है. बड़ी तकलीफ की आपने." चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं पहिल्यांदा भाजीची तारीफ केली. माय दोन दिवस हवेत होती. शेजारणींना भाजीची कृती सांगत फिरली. तिसऱ्या दिवशी बाबांनी हात धुता धुता तिला विचारलं, "आपका मकान किधर है?" आई तशीच तांब्या हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "इथंच. जवळच हाये."

आणि दूधवाला! दूधवाल्यावर बाबा अजूनही मराठीत बरसायचे. "काय रे, दुधात पानी टाकतं का पान्यात दूध? लाज विकून खाल्ली का?" तो गडी फाटकातून तेवढ्याच मोठ्यानं उलट उत्तर द्यायचा, त्याला कुठे कोणी नरम सांगितलं होतं? जाताना मला म्हणायचा, "बाबाची तब्येत फस्क्लास हाये की वो बाई, कोण म्हंते बिमार?" त्या माणसाचा मला इतका राग यायचा की एकदा मी त्याचं दूध चुलीवर मुद्दाम उतू जाऊ दिलं. लोकांना सवतीचा मत्सर वाटतो. मला दूधवाल्याचा वाटला. स्वयंपाकघरात उभी राहून मी रडले आणि सांडलेलं दूध पुसलं.

चार महिने असे गेले. मग मी शाळेतून रजा काढली आणि बाबांना रिक्षात घालून स्वतः दवाखान्यात नेलं. स्टाफरूममध्ये बसून बसून शिकलेलं माझं मोडकं तेलुगू होतं. मी डॉक्टरला मोठ्या अभिमानानं सांगितलं की तुम्ही म्हणालात तसं आम्ही सगळं नरम ठेवलं आहे.

"नरम?" डॉक्टरनं विचारलं.

"हो. तुम्हीच म्हणालात ना, नरम. गट्टी नको."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं स्वतःची बाही वर केली, मनगटावरची हिरवी शीर दोन बोटांत धरली आणि म्हणाला, "अम्मा, इदि नरम."

शीर. नस. तेलुगूत नसेला नरम म्हणतात. गट्टी म्हणजे कडक. डॉक्टर चार महिन्यांपूर्वी सांगत होता की डोक्यातल्या नसा कडक झाल्या आहेत. आणि ज्या माणसाच्या डोक्यातल्या नसा कडक झाल्या होत्या, त्यानंच तो निरोप आम्हाला भाषांतर करून दिला होता.

डॉक्टरनं मग सावकाश, अर्ध्या हिंदीत, कागदावर चित्र काढून समजावलं. बोअरच्या पाण्यानं आपल्या गावचे नळ आतून कसे पांढरे होऊन बुजत जातात, तसं. वर्षानुवर्षं दाब जास्त, त्यामुळे नसेची भिंत जाड आणि ताठ होत जाते, आत चरबीचा थर बसतो. मोठी नस बुजली की माणूस एकदम पडतो, ते सगळ्यांना दिसतं. पण डोक्यात खोलवर केसाएवढ्या नसा असतात. त्यातली एखादी बुजते तेव्हा आवाज होत नाही. तेवढा एक तुकडा रक्तावाचून मरतो. आज सायकल जाते. उद्या पाटी जाते. मग काही दिवस सगळं बरं वाटतं, आणि घरचे म्हणतात, सुधारणा आहे. आणि मग आणखी एक. वयानंही नसा ताठ होतातच, पण बीपीची गोळी अशी मनाला येईल तेव्हा घेतली की काम लवकर होतं. त्यानं नागपूरहून डोक्याचा फोटो काढून आणायला सांगितलं. भावानं रजा काढून तो काढून आणला. त्यात बारीक बारीक कितीतरी जागा मेलेल्या दिसल्या, उंदरानं सतरंजी कुरतडावी तशा.

"जे गेलं ते परत येत नाही," डॉक्टर म्हणाला. "गोळी रोज दिली, मीठ-तूप बंद केलं, तर पुढचं जरा लांबवता येईल. किती, ते नाही सांगता येत."

मग मी त्याला तुपाचं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. पण माझा चेहरा बघून म्हणाला, "अम्मा, हे वीस वर्षांचं काम आहे, चार महिन्यांच्या तुपाचं नाही." बाबा शेजारी बसून मान डोलवत होते. निघताना त्यांनी डॉक्टरचे आभार मानले, हिंदीत.

आईला सांगणं माझ्यावर आलं. मी जमेल तितकं सोपं करून सांगितलं. तिनं ऐकलं, उठली, तुपाची बरणी मागच्या दाराशी नेली आणि राखेनं घासायला बसली. बरणी केव्हाच लख्ख झाली होती, तरी घासतच होती. "मीच त्याईच्या तोंडात घालून राह्यली होती वं," ती म्हणाली, "बोट बोट तूप." मी डॉक्टरचं वाक्य सांगितलं, वीस वर्षांचं काम आहे. ती म्हणाली, "त्या वीस वर्षांत बी सैपाक मीच केला." मी तिच्या हातातून बरणी घेतली.

तर खाण्यातलं नरम बंद झालं. भाकरी परत आली, गोळी रोज सकाळी माझी आई समोर उभी राहून द्यायला लागली. बोलण्यातलं नरम मात्र चालूच राहिलं. भावाचं म्हणणं, आता तर जास्तच जपायला पाहिजे, बीपी वाढता कामा नये. मलाही ते पटलं. चार महिने तूप चारून झाल्यावर आता ओरडून आणखी एखादी नस फोडायची का?

मला काही मोठं मागायचं नव्हतं. बाबा बरे होणार नाहीत हे मला कळलं होतं. माझं म्हणणं एवढंच होतं की पुढचा तुकडा जायच्या आत त्यांनी मला एकदा, फक्त एकदा, आपल्या भाषेत झापावं. मी त्यांची आहे एवढं त्यांच्या तोंडून यावं. लोक बापाकडून काय काय मागतात! मी एक शिवी मागत होते आणि तीही मिळत नव्हती.

मी प्रयत्न काय कमी केले? मी शुद्ध मराठीत बोलले, वऱ्हाडीत बोलले. ते हिंदीत उत्तर द्यायचे. मी म्हटलं, "बाबा, मी तुमची मुलगी." ते म्हणाले, "अच्छा, अच्छा. बड़ी खुशी हुई." मी माझ्या लग्नाचा फोटो आणून दाखवला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, दूर नेला, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ये हमारी लड़की है."

"और मैं?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि मला वाईट वाटू नये म्हणून हळूच म्हणाले, "आप दरखास्त लाई हैं न?"

मग मी अर्ज घेऊन येणारी दरखास्तवाली झाले. दुसरं काय करणार? रोज साडेपाचला ओसरीवर जायची, नमस्ते म्हणायची, समोरच्या खुर्चीवर बसायची. ते विचारायचे, कोणतं गाव? मी म्हणायची, तामसी. कधी बेला. काय पाहिजे? नकाशाची नक्कल पाहिजे. ते कोरा कागद घेऊन त्यावर बारीक अक्षरात काहीतरी लिहायचे, ते कोणत्याच भाषेत नसायचं. मग म्हणायचे, साहेब दौऱ्यावर आहेत, कल तशरीफ लाइए. महिनाभर हेलपाटे घातले. मुलगी म्हणून मला कधी एवढा वेळ दिला नव्हता त्यांनी. नकाशाच्या नकलेसाठी रोज दिला.

त्या संध्याकाळीही अशीच बसले होते. आई आत कंदिलाची काच पुसत होती, लाइट गेली होती. बाबांचं कागदात लक्ष नव्हतं. सारखे फाटकाकडे बघत होते. शेवटी पेन बंद करून ते पुढे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "आप अब निकलिए."

"क्यों साहब? काही चुकलं का माझं?"

"नहीं नहीं. आप शरीफ औरत हैं. मगर हमारी लड़की के आने का टाइम हो गया." त्यांनी पुन्हा फाटकाकडे पाहिलं. "बहुत तेज है. आते ही चिल्लाती है. आपको भी दो बातें सुना देगी खामखा."

मी विचारलं, "रोज आती है?"

"रोज आती थी." ते बोटांनी खुर्चीचा हात चाचपत राहिले. "इधर बहुत दिन से नहीं आई. पता नहीं क्या हुआ. किसी ने कुछ बोला होगा." आणि मग, माझ्याकडे न बघता, "घर में आवाज ही नहीं है, देखिए न."

मी उठले. "नमस्ते," म्हणाले. ते फाटकापर्यंत पोचवायला निघाले, पाय ओढत. मी त्यांना हातानं बसा म्हटलं. पायऱ्या उतरले, फाटक लावून घेतलं आणि रस्त्यावर उभी राहिले. समोरची बाई तुळशीपाशी उदबत्ती लावता लावता माझ्याकडे बघत होती. मी पदरानं तोंड पुसलं. मग फाटकाला अशी लाथ घातली की ते भिंतीवर आपटून परत आलं.

"बाबा! हे काय लावलं तुमी? अंधार पडला तरी बाहेर बसून राह्यले, स्वेटर कुठं हाये? डास खाऊन राह्यले ना पायाले, दिसत नाई का? का त्याले बी आवतन देऊन बोलावलं?"

आई काच हातात घेऊन धावत बाहेर आली. "अवं हळू, हळू, नरम बोल..."

"तू चूप बस माय!"

सगळी गल्ली ऐकत होती. बाबा खुर्चीवर तसेच बसलेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता उठतील, हात जोडतील, आइए म्हणतील. मग कपाळावर आठी पडली.

"आली का? बोंबलत?" ते म्हणाले. "इतके दिस कुठं मेली होती वं?"

"इथंच होती बाबा," मी म्हणाले, आणि आवाज जराही खाली येऊ दिला नाही.